निपाणीची तंगी

पुणे स्टेशनात मिरजेची गाडी लागली तेव्हा माझ्या हातात सुटकेस होती आणि हमालाच्या डोक्यावर जुन्या कपड्यांचं भलं मोठं गाठोडं होतं. सुटकेस माझी. गाठोडं बायकोनं बांधलेलं. त्यात माझ्या पोटानं नाकारलेल्या पँटी, पोरांचे आखूड झालेले स्वेटर, एक बऱ्यापैकी सोलापुरी चादर आणि तळाशी दडवलेले दोन पायली आंबेमोहोर तांदूळ होते. "तांदळाचं बोलू नका हं कुणाजवळ," ती निघताना म्हणाली. "माणसाचा मान राखून द्यावं लागतं." मी गंभीरपणे मान डोलावली. माझ्या कॉलेजातल्या जिवलग मित्रावर, निपाणीच्या बाबूवर तंगी आली होती आणि तिचं निवारण करायला मी निघालो होतो.

ऐंशी साल नुकतंच मागं पडलं होतं. बेळगाव सोडून मला दहाएक वर्षं झाली होती. कॉलेजात आम्ही चौघं होतो. बाबू निपाणीच्या तंबाखूवाल्याचा. जया बेळगावचाच, आता वकील. यशवंत उर्फ यशा खानापूरकडचा, बौद्ध वस्तीतला. बाप रेल्वेच्या रुळाखालची खडी फोडायचा आणि पोरगा आता लोंढा जंक्शनवर असिस्टंट स्टेशनमास्तर होऊन त्याच रुळावरच्या गाड्या अडवायचा. चौथा मी, पुण्यात खुर्ची झिजवणारा. लग्नाच्या आणि बारशाच्या पत्रिकांपलीकडं आमच्यात काही उरलं नव्हतं. अशात एके दिवशी हापिसात निपाणीहून ट्रंककॉल आला.

"हॅलो, सदा का? बाबू बोलतोय रं. ऐक, तंगीचं काय तरी बघाय पायजे. लई अवघड झालंय. घरच्यांनी हात वर केल्यात."

"अरे पण झालं काय?"

"फोनवर फोड करून सांगता येत न्हाय. हितं एक्सचेंजमधली समदी कान टवकारून बसल्यात. यशा बी हितंच येऊन ऱ्हायलाय. तू आणि जया, दोघं येऊन मागं हुभं ऱ्हावा. तुमच्याबिगर जमत न्हाय."

"येताना काय आणू?"

"काय नको. तुम्ही आलासा की भागलं."

लाइन तुटली. आता 'काय नको' असं कोण म्हणतं? ज्याला सगळंच हवं असतं तो. तंबाखूचं काही खरं नाही असं पेपरात येत होतंच. त्यात यशाही तिथंच राहायला, म्हणजे रेल्वेनं त्यालाही डच्चू दिला असणार. मी घरी येऊन बायकोला सांगितलं आणि तिनं कपाट उपसायला घेतलं.

बेळगावला जयाला गाठून मग दोघांनी निपाणीला जायचं ठरलं होतं. मिरजेला मोठी गाडी सोडून छोट्या रुळावरच्या गाडीत बसावं लागतं. तिथंच खरं तर आमचा मुलूख सुरू होतो. डबा लहान होतो, माणसं लहान होत नाहीत, त्यामुळं एकमेकांच्या मांडीवर बसूनच ओळखी होतात. माझ्या गाठोड्यावर एक पांढऱ्या मिशांचा म्हातारा हक्कानं टेकला होता. घटप्रभा मागं पडल्यावर त्यानं पानाचा तोबरा सांभाळत विचारलं, "एल्ली होंटीरी?" (कुठं निघालात?)

मला भरून आलं. दहा वर्षांनी कुणी माझ्याशी कानडीत बोलत होतं. एकेकाळी मी बेळगावच्या भाजीबाजारात कानडीतून भांडून वांगी घेतलेली आहेत. पण पुण्यात कानडी बोलायची कुणाशी? गंजली पार. तरी मी अवसान आणून म्हणालो, "निपाणी." त्यानं कशाला म्हणून विचारलं. त्याला कानडीत काय सांगणार? मी गाठोड्याकडं बोट करून खोल आवाजात एवढंच म्हणालो, "तंगी."

म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. "तंगी मदुवी?"

'मदुवी' म्हणजे काय ते काही केल्या आठवेना. असेल काहीतरी 'वाईट झालं' वगैरे. मी "हौदु, हौदु" (हो, हो) म्हणून मोकळा झालो. त्यावर म्हाताऱ्यानं "छलो आत बिडरी" (चांगलं झालं हो) म्हणत माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि पिशवीतून दोन पेरू काढून दिले. दुसऱ्याच्या दारिद्र्यावर इतका खूश होणारा माणूस मी आजवर पाहिला नव्हता. पेरू मात्र गोड होते.

बेळगाव स्टेशनावर उतरलो तर थंडी तीच, धुकं तेच, टांगेवाल्यांची मग्रुरीही तीच. जयाच्या घरापर्यंत टांगेवाल्यानं मला सगळ्या गावाचं राजकारण सांगितलं आणि वर "तुमी भायेरचं दिसतासा" असा शेराही मारला. मला राग आला. बेळगावच्याच शहापुरात जन्मलेल्या माणसाला हे ऐकून घ्यावं लागावं?

जया दारातच उभा होता. एकेकाळी आम्ही त्याला काडी म्हणायचो. आता त्या काडीची वखार झाली होती. मलईच्या रंगाचा सफारी, अंगठीत पुष्कराज, आणि बोलणं असं की साधा चहा मागितला तरी अर्ज केल्यासारखं वाटावं. नगरपालिकेला उभं राहायचं त्याच्या मनात घोळत होतं, ते पहिल्या बशीभर कुंद्याच्या आतच मला कळलं. (कुंदा म्हणजे बेळगावचा आटवलेला खवा. तो खाल्ल्यावर माणूस अर्धा तास कुणाचंही ऐकून घेतो.)

"बाबूचं असं होणार हे मी पूर्वीच सांगितलेलं होतं," जया म्हणाला. "असो. माणुसकीच्या नात्यानं आपलं कर्तव्य आपण करायचं." असं म्हणून त्यानं आपला जुना कोर्टाचा काळा कोट माझ्या गाठोड्यात कोंबला. "कोपरावर जरा विरलाय, पण कापड उंची आहे."

दुसऱ्या दिवशी त्याच्या फियाटमधून निघालो. संकेश्वरला कारखान्याकडं जाणाऱ्या उसाच्या गाड्यांची रांग लागली होती आणि हवेत मळीचा असा दर्प की तोंडात गूळ धरून नाक गटारात घातल्यासारखं वाटावं. जयानं हॉर्नवर हात ठेवला तो काढेचना. शेवटी पुढचा गाडीवान उतरून खिडकीशी आला.

"वकीलसाहेब का?" त्यानं विचारलं.

"हो. का?"

"न्हाय, कोंबडं आरवल्यागत आवाज आला म्हून बघाय आलतो. बैलांस्नी कायदा कळत न्हाय सायेब. घ्या, ऊस खावा तवर."

ऊस खाल्ला. जया खात नव्हता, सफारीवर डाग पडतील म्हणून. तवंदी घाटात फियाटला वाफा आल्या. मी उतरून डबा घेऊन पाणी शोधत फिरलो आणि जया गाडीत बसून माणुसकीवर बोलत राहिला.

निपाणी आली हे पाटी बघायच्या आधी नाकाला कळतं. मी सलग शिंकत बाबूच्या दारात उतरलो. दार कसलं, दोन मजली नवी इमारत होती. अंगणात जीप, पलीकडं तंबाखूनं गच्च भरलेली वखार, आणि पायरीवर एक कुत्रं, जे आळसामुळं आमच्यावर भुंकलंसुद्धा नाही. मी जयाकडं बघितलं.

"गहाण असेल सगळं," जया कुजबुजला.

बाबू लुंगी सावरत धावत आला आणि त्यानं आम्हा दोघांना एकदम मिठी मारली. "आलासा रं. आता मला काळजी न्हाय." मागून यशा आला. कानावर पांढरे केस, अंगावर रेल्वेचा पांढरा ड्रेस. तो माझा हात धरून नुसता उभा राहिला. मला वाटलं, बिचाऱ्याची नोकरी गेली तरी ड्रेस काही सुटत नाही. माझे डोळे पाणावले, आणि ते तंबाखूनं नव्हे.

जेवणं झाली. बाबूची बायको गिरिजावहिनी गोकाककडची, कानडी. तिनं एण्णगाय (तेलात मुरलेली भरली वांगी), कडक भाकरी आणि शेंगांची चटणी असं वाढलं की जया सफारीची बटणं सैल करून जेवला. तंगीतल्या घरचं जेवण इतकं कसं, हे कोडं मला काही सुटेना. शेवटी मी मान राखून गाठोडं पुढं सरकवलं. "वहिनी, हे असू दे. संकोच करू नका. अशी वेळ कुणावरही येते."

वहिनींनी गाठ सोडली. एकेक पँट निघाली. स्वेटर निघाले. तांदूळ निघाले. कोट निघाला. वहिनी कोटाकडं आणि आमच्याकडं आळीपाळीनं बघत राहिल्या.

"भाऊजी, हे कुणाला?"

"अहो, तुम्हालाच. बाबूनं सांगितलं ना फोनवर, तंगी आलीय म्हणून."

बाबू पाणी पीत होता. ते सगळं जयाच्या सफारीवर उडालं. आतल्या दारात एक तिशीची बाई उभी होती. काळीसावळी, चष्मा, पदर खोचलेला. ती चौकटीला धरून इतकी हसली की चष्मा काढून पुसावा लागला.

"तंगी मीच री," ती म्हणाली. "गिरिजाअक्काची तंगी. धाकटी बहीण. आमच्या कानडीत मी बहीण, आणि तुमच्या मराठीत दारिद्र्य."

तंगी म्हणजे धाकटी बहीण. लहानपणी शेजारच्या घरात दिवसभर ऐकलेला शब्द, आणि मी तो पुण्यात कुठंतरी सांडून आलो होतो. घरात सगळे तिला तंगीच म्हणायचे, म्हणून बाबूही फोनवर तंगीच म्हणाला. आणि मला मदुवीही आठवलं. मदुवी म्हणजे लग्न. आगगाडीत मी त्या म्हाताऱ्याला ठासून सांगितलं होतं की माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न आहे. पेरू त्या लग्नाचे होते.

आता खरी हकीकत. तंगी लोंढ्याच्या कानडी शाळेत मास्तरीण. दर शनिवारी बहिणीकडं यायला निघायची आणि दर शनिवारी गाडी उशिरा यायची. गाडीला किती वेळ आहे हे ती स्टेशनमास्तरला विचारायची. यशा सांगायचा. गाडी वेळेवर आली असती तर हे लग्न कधीच जमलं नसतं. दोन वर्षं दोघांनी वाट बघितली. तंगीच्या वडलांनी सांगितलं, त्या वस्तीत गेलीस तर आमची मेलीस. भावांनी हात वर केले. यशाच्या म्हाताऱ्या आईनं एवढंच म्हटलं की माणूस चांगलं आहे ना, मग झालं. रजिस्टर लग्नाची नोटीस देऊन महिना उलटला होता. सही करायची ती उद्याच, कारण यशाची रजा उद्या संपत होती आणि तंगीचा थोरला भाऊ तिला घेऊन जायला येणार असं कानावर होतं. साक्षीदार तीन लागतात. बाबू एक. उरलेले दोन गाठोडं घेऊन आले होते.

"आनंद आहे," जया म्हणाला. त्याचा आवाज एकदम कोर्टातला झाला. "परंतु साक्षीदार म्हणून माझं नाव येणं कितपत योग्य, याचा विचार व्हावा. माझी निम्मी पक्षकार मंडळी मुलीच्या वडलांच्या भावकीतली आहेत. शिवाय नगरपालिका..."

"जया," बाबू शांतपणे म्हणाला, "कणकुंबीला जळू कुणी काढली?"

हे वाचकांना सांगायला हवं. कॉलेजात असताना आम्ही सायकली हाणत कणकुंबीच्या रानात गेलो होतो. जया झऱ्यात बसला आणि उठला तेव्हा त्याला जळू लागलेली होती. कुठं, ते मी लिहीत नाही, छापणाऱ्यांची अडचण होईल. मी आणि बाबू हसत लोळत होतो. यशानं बाबूच्या चंचीतला तंबाखू भिजवला आणि अतिशय सभ्यपणे ती जळू सोडवली. वर गावात कुणाला बोलला नाही.

"तो विषय इथं गैरलागू आहे," जया म्हणाला. यशा खाली बघत हसला. "राहू दे रं बाबू," तो म्हणाला. "ज्याला जमतंय त्यानं यावं. जबरदस्ती कशाला?" एवढं बोलून तो अंगणात गेला. तंगी माझ्या पँटींच्या घड्या घालत बसली. मला जयाचा असा संताप आला की ती चादर त्याच्या तोंडावर टाकून द्यावी वाटलं. मित्राच्या दारिद्र्याला कोट देतो आणि मित्राच्या सुखाला सही देत नाही, हा कुठला न्याय?

सकाळी जया गाडीत येऊन बसला खरा, पण "मी फक्त सोडायला येतो" असं बजावून. पहाटेच्या गाडीनं आलेल्या यशाच्या आईनं निघताना हट्ट धरला की नवरदेवानं कोट घालावा. कोट कुठनं आणायचा? गाठोड्यात होताच. जयाचा काळा कोट यशाला असा बसला की जणू त्याच्याच मापानं शिवला होता.

तालुक्याच्या गावी कचेरीत गर्दी होती. कारकून वयस्क, कपाळाला विभूती, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. तंगीचं खरं नाव नीलांबिका. ते त्यानं तीनदा पुकारलं तरी आमच्यातलं कुणी हललं नाही, कारण तंगीला नाव असतं हेच आम्हाला माहीत नव्हतं. शेवटी ती स्वतःच पुढं गेली. तिचं लक्ष सारखं दाराकडं होतं. भाऊ येईल ही भीती, आणि खरं सांगायचं तर भाऊ येईल ही आशासुद्धा. दोन्ही तिच्या तोंडावर दिसत होत्या.

"वर यार्री?" (नवरदेव कोण?) कारकुनानं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच निकाल दिला. काळ्या कोटातल्या यशाला म्हणाला, "वकीलसाहेब, नीवु थोडं बाजूला निंद्री." आणि दारात अंग चोरून उभ्या असलेल्या, मलईच्या सफारीतल्या, पुष्कराजवाल्या जयाचा दंड धरून त्यानं त्याला थेट तंगीच्या शेजारच्या खुर्चीत बसवला. "लाजता कशाला री? सही माड्री." (सही करा.)

जया ताडकन उठला. इतकी वर्षं कोर्टात कमावलेला आवाज त्यानं एकदम बाहेर काढला. "अहो, मी नवरदेव नव्हे. मी साक्षीदार आहे, साक्षीदार."

कचेरीभर ते ऐकू गेलं. व्हरांड्यातली माणसंसुद्धा वळून बघायला लागली. त्यात जयाचे दोन पक्षकार होते.

"ऐकलासा न्हवं सगळ्यांनी?" बाबू म्हणाला. "सवताच्या तोंडानं बोलला."

कारकुनानं कागद फिरवून पुढं सरकवला. "साक्षीदार? मग इल्ली सही माड्री." जयानं आमच्याकडं बघितलं, पक्षकारांकडं बघितलं, मग यशाकडं. यशा आपला कोटाची विरलेली कोपरं झाकत उभा होता. "पेन दे रे," जया मला म्हणाला, आणि वळणदार सही करून वर 'वकील, बेळगाव' असंही लिहिलं. तिथून पुढं तो बराच वेळ नाक पुसत होता. सर्दी झालीय म्हणाला.

घरी आलो. अंगणात यशाच्या आईनं मेणबत्त्या लावून वंदना म्हटली, हार घातले गेले, बाबूनं वखारीतल्या बायकांना कुंदा वाटला. सगळं पार पडलं आणि गिरिजावहिनी एकदम थबकल्या. "कान कोण पिळणार?"

आपल्याकडं लग्नात नवरीचा भाऊ नवऱ्याचा कान पिळतो, माझ्या बहिणीला नीट वागव म्हणून. नवरा त्याला मानाचं कापड देतो. "आमच्यात न्हाय ते," यशाची आई म्हणाली, "पर पोरीला बरं वाटत असंल तर पिळा की." पण पिळायला भाऊ हवा. तंगीनं पुन्हा एकदा फाटकाकडं बघितलं. फाटकात बाबूचं कुत्रं झोपलं होतं. आणि ती दिवसभर रडली नव्हती ती आता रडायला लागली.

मी बाकावरनं उठलो. "मी पिळतो," म्हणालो. "आगगाडीत एका म्हाताऱ्याला मी तसं कबूल केलंय, आणि त्याचे पेरूही खाल्लेत."

"दोन दिवस तंगी तंगी म्हणतोयस," वहिनी म्हणाल्या, "अण्णाच (थोरला भाऊच) झालास की." पहिल्यांदाच त्या मला अरे-तुरे बोलल्या.

उजवा कान मी पिळला. डावा जयानं मागून घेतला आणि लेकानं असा पिळला की यशा ओरडला, "आरं, जळूचा सूड काढतोस काय?" तंगी रडता रडता हसली. मग यशानं आम्हाला मानाचं कापड दिलं. दुसरं होतं कुठं? जयाला त्याचाच कोट मिळाला, अंगावरनं काढून, उबेसकट. मला माझीच तपकिरी पँट, तंगीनं घडी घातलेली, वर कुंकू लावून. निघताना तिनं विचारलं, "अण्णा, परत कधी येशील?" मला कानडीत उत्तर द्यायचं होतं. जमलं नाही, म्हणून मराठीत म्हणालो, "तूच ये. पंचमीला माहेरी येतात."

बायकोनं पँट बघितली आणि कपाळावर हात मारला. "ही परत का आणलीत?" मी सगळं सांगितलं. तिनं पँट झटकून लुगड्यांच्या कपाटात ठेवली. अजून तिथंच आहे. मला ती होत नाही आणि बोहारणीला द्यायची हिंमत नाही. जयाची काही पक्षकार मंडळी तुटली, नगरपालिकाही हुकली. आता पत्रात तो पूर्वीपेक्षा कमी शहाणपण लिहितो.

त्या श्रावणात पंचमीच्या आदल्या दिवशी तंगी आली, करदंटाचा, म्हणजे गोकाकच्या डिंक-सुक्यामेव्याच्या वड्यांचा, डबा घेऊन, कारण माहेरी जायचं तर हात हलवत कसं जायचं. यशाच्या स्टेशनावरनं गाडी उशिरा सुटली होती. बायको इतकी हरखली की चाळीच्या गॅलरीतून तिनं शेजारच्या काकूंना ओरडून सांगितलं, "अहो, आमच्याकडं तंगी आलीय, चार दिवस राहणार आहे."

थोड्या वेळानं दाराची कडी वाजली. काकू उभ्या होत्या, पदराखाली साखरेची वाटी झाकून. "संकोच करू नका हं," त्या हळूच म्हणाल्या. "अशी वेळ कुणावरही येते."

वाटी मी घेतली. त्या साखरेचा चहा तंगीनं केला.